त्रिपुरीला रेवसच्या वाटेने कनकेश्वरी

कार्तिक शुद्ध पौर्णिमा ही त्रिपुरी पौर्णिमा. तारकासुराच्या तीन पुत्रांनी, म्हणजे तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली यांनी, सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन पुरे उभारली. ती तिन्ही एका रेषेत आली तेव्हा भगवान शंकरांनी एकाच बाणाने त्यांचे भस्म केले. त्या विजयाच्या आनंदाने शिवालयांतून आज दीपमाळा उजळतात. ही कथा आमच्या श्रोत्यांस मुखोद्गत आहे. म्हणून तिचा विस्तार न करता एका शिवस्थानाची आणि तेथे नेणाऱ्या जलमार्गाची हकिकत आज सांगावी असे योजिले आहे.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत कार्तिकमासी आमची कीर्तने होतात. कीर्तन आटोपल्यावर नमस्काराला येणाऱ्या मंडळींत अलिबागकडची घरे पुष्कळ. पाच-सहा दशकांपूर्वी गिरगाव-लालबागच्या चाळींतून ती इकडे आली, पण कुलदैवते समुद्रापलीकडेच राहिली. गेल्या वर्षी त्यांतल्याच काहींनी विचारले, "बुवा, त्रिपुरीला कनकेश्वरास जावयाचे तर कसे जावे?" आम्ही म्हणालो, बोटीने.

सन २०२४ च्या १२ जानेवारीस शिवडी-न्हावा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. मोटार असणाऱ्यांना तो सोयीचा आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु संस्कृतात 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' धातूपासून झाला आहे. तॄ म्हणजे तरणे, पार होणे. नदी जेथून ओलांडतात तो उतार, तो घाट म्हणजे तीर्थ हा मूळ अर्थ. पुण्यक्षेत्र हा अर्थ मागाहून आला. नावेला 'तरी' म्हणतात तीही याच धातूची लेक. तेव्हा पाणी ओलांडून तीर्थास जाणे म्हणजे शब्दाच्या मुळाशी जाणे, असे आम्ही विनोदाने म्हणालो आणि मंडळींनी ते मनावर घेतले.

मार्ग सोपा आहे. मुलुंड-घाटकोपरकरांनी कुर्ल्यास गाडी बदलावी, अंधेरीकरांनी थेट हार्बरची गाडी धरावी आणि सर्वांनी डॉकयार्ड रोडला उतरावे. तेथून भाऊचा धक्का जवळच. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य उर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात उतारूंसाठी धक्का बांधला. तेव्हापासून मुंबईकरांच्या तोंडी ते नाव बसले आहे. मासळीची टोपली, भाजीची गोणी आणि पूजेची करंडी एकमेकींना लागून नेणारी ही साधी लाँच सुमारे दीड तासात रेवसला पोहोचविते. डावीकडे घारापुरी, पुढे उरण-करंजाचा डोंगर आणि उजवीकडे मोकळा समुद्र.

या उजव्या बाजूविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. तेथे काशाचा खडक आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सणासाठी गावी निघालेले चाकरमानी, बायका, मुले यांनी बोट भरली होती. पावसाने आणि वाऱ्याने समुद्र खवळला, बोट एका अंगास कलली आणि या खडकाच्या परिसरात उलटली. ६०० हून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला वार्ता कळावयास संध्याकाळ झाली. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून कित्येकांना वाचविले. पकडलेली मासळी समुद्रात फेकून त्यांनी माणसांसाठी जागा केली, असे त्या किनाऱ्यावर अद्याप सांगतात. त्या दिवशी घरोघर दिव्यांची पूजा मांडली होती, हे आठवले की दीप अमावास्येचे कीर्तन सांगताना आजही आमचा आवाज जड होतो.

पावसाळा सरला म्हणजे समुद्र शांत होतो हेही सर्वस्वी खरे मानू नये. 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात बुडाल्या. तेव्हा त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनतीन दिवसच लोटले होते. संतांची नावे बोटींना दिली म्हणून सागर आपला धर्म सोडीत नाही. नाखवा 'आज नको' म्हणाला तर ते देववाक्य समजावे.

आमच्या बरोबर निघालेल्यांत मुलुंडच्या एक आक्का होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील 'रामदास'वर होते. त्या वेळी आक्का पाच वर्षांच्या. वडिलांचा देह मिळाला नाही. तिथी ठाऊक असल्यामुळे श्राद्ध होत राहिले आणि दीप अमावास्येला त्या घरात एक जादा निरांजन लागत राहिले. परंतु त्यानंतर घरातले कोणी बोटीत चढले नाही. माहेरी जावयाचे तर पनवेल-पेणवरून एस. टी. ने. आक्कांनी या खेपेस सुनेला सांगितले, "बुवा बोटीने नेत आहेत, मी जाते." सुनेने आम्हांला बाजूस घेऊन विचारले की हे शास्त्राला धरून आहे ना? आम्ही म्हणालो की बोटीत बसावयास शास्त्राची आडकाठी नाही, धीर मात्र लागतो. तो आक्कांजवळ होता. लाँचमध्ये त्या उजव्या बाजूलाच बसल्या आणि खडक मागे पडेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

रेवस हे धरमतरच्या खाडीच्या मुखाशी आहे. अंबा नदीचे पाणी येथेच सागराला मिळते. येथून मापगावास वाहनाने जाता येते. मापगाव हा कनकेश्वराचा पायथा. वर जाण्यास ७०० हून अधिक दगडी पायऱ्या आहेत; राघोजी आंग्रे यांचे कारभारी गोविंद रेवादास यांनी १७६४ च्या सुमारास त्या बांधविल्या. वाटेत नागोबाचा टप्पा लागतो, पुढे देवाची पायरी, मग गायमांडी. साठी उलटलेल्यांनी प्रत्येक टप्प्यावर बसावे. चढण खडी आहे पण झाडी दाट आहे.

वर ब्रह्मकुंड ही पुष्करणी आणि तिच्या काठी कनकेश्वराचे प्राचीन मंदिर. कथा अशी की कनकासुर नावाच्या शिवभक्ताने तपाने शंकरांस प्रसन्न करून त्यांच्याशीच युद्ध मागितले. देवाने ते दिले आणि अखेर त्याला मोक्ष देऊन त्याचे नाव आपणांस लावून घेतले. त्रिपुरासुरांचे भस्म झाले, येथे मात्र असुराचे नाव देवाच्या आधी उच्चारले जाते! एकाच शिवाच्या या दोन तऱ्हा एका दिवशी आठवाव्यात, याहून चांगले आख्यान हरिदासाला कोणते मिळणार? यात्रेच्या गर्दीत, पुष्करणीच्या काठी उभे राहून, आम्ही पूर्वरंगाशिवायच ते सांगितले.

दीपमाळ उजळलेली पाहावयाची असेल तर मुक्कामाच्या तयारीने यावे. एका दिवसाच्या फेरीत ते साधत नाही. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या सुमारास असते. रेवसच्या धक्क्याशी गाळ साचतो, त्यामुळे पाणी फार उतरले म्हणजे लाँच लागणे कठीण. आम्ही देवापुढे वात लावून तीनच्या आत खाली आलो. आक्का मापगावातच एका ओसरीवर थांबल्या होत्या. सोबत आणलेल्या वातीचा त्यांनी पानाच्या द्रोणात दिवा तयार ठेवला होता.

रेवसच्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर सुनेने त्यांचा दंड धरला. उन्हात ज्योत दिसतही नव्हती. दिवा पाण्यावर ठेवला तसा तो क्षणभर पायरीलाच चिकटून राहिला. आक्कांनी खलाशाला विचारले, "बाबा, हा त्या खडकापर्यंत जाईल का रे?"

"ओहोटी लागली आहे, आजी," खलाशी दोर सोडता सोडता म्हणाला. "पाणी तिकडेच चाललंय."