दया घरापासून

हजरत महंमद पैगंबर सन ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला आले. तिथे ते सगळ्यांचे पुढारी झाले. तरी घरी ते आपली वहाण स्वतः सांधीत, कपडे शिवीत. असे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा सांगत.

एकदा पैगंबरांनी आपला छोटा नातू हसन याचा मुका घेतला. जवळ एक सरदार बसला होता. तो म्हणाला, मला दहा पोरं आहेत, पण मी एकाचाही मुका घेतला नाही. दया न करणाऱ्याने दयेची आशा धरू नये, असे पैगंबरांनी त्याला सुनावले.

आपण दिवसभर राबून घरी येतो आणि पोरांवर डोळे वटारतो. पोरं कोपऱ्यात दडतात. भीतीने ती गप्प बसतील, पण मनातलं सांगणार नाहीत. आज घरी गेलो की त्यांना जवळ घेऊ या.