बागेतल्या रेल्वेखाली कोणती खडी?

पाचोरा–जामनेर ही खानदेशची छोटी गाडी ७६२ मि.मी. अंतरावरच्या रुळांवरून धावायची. बागेतल्या मॉडेल रेल्वेचे रूळ बहुधा ४५ मि.मी. अंतरावर असतात, म्हणजे साधारण सतरा पटींनी लहान. मोठ्या रेल्वेची खडी २० ते ६५ मि.मी. असते, त्याच हिशेबाने बागेत साधारण १ ते ४ मि.मी. पुरते.

ती जळगावात शोधावी लागत नाही. आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट, आणि रेल्वेलाही तोच चालतो. खडी क्रशरवरची कच आणून चाळावी. धारदार कण एकमेकांत अडकून बसतात. गिरणा नदीची वाळू दिसायला छान, पण तिचे गोल दाणे रुळाखालून निसटतात. तिच्या मोहात पडू नये. भुकटी मात्र सगळी काढू नका, थोडी राहिली तर थर घट्ट बसतो.

खरी अडचण खडीची नाहीच, काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि रूळ वाकडे होतात. म्हणून वीतभर माती काढून मुरूम ठोकून भरावा, बाजूला पाण्याला वाट द्यावी, मगच खडी. ती सिमेंटने चिकटवू नये, कारण पावसाळ्यानंतर रूळ पुन्हा समतल करावेच लागतात. रूळ बदलण्याच्या सांध्यांतल्या हलत्या पट्ट्यांत खडे अडकू देऊ नयेत.