नामवंत खेळाडूंचे कोट्यवधींचे मानधन : किंमत आणि मूल्य
(इंडियन प्रीमियर लीगच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या (आय.पी.एल.) लिलावात लखनौच्या संघाने ऋषभ पंत यांना २७ कोटी रुपयांना करारबद्ध केले. स्पर्धेच्या इतिहासातील तोपर्यंतची ही सर्वोच्च बोली होती. २०२५ च्या हंगामात पंत यांनी २६९ धावा केल्या व त्यांचा संघ सातव्या क्रमांकावर राहिला. म्हणजे एका धावेमागे सुमारे दहा लाख रुपये पडले. याच लिलावात २६.७५ कोटी रुपये मिळालेल्या श्रेयस अय्यर यांनी मात्र ६०४ धावा केल्या आणि त्यांच्या नेतृत्वाखाली पंजाबचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. एवढे पैसे खेळाडूला देणे योग्य आहे काय, हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत. खेळाडूची बाजारातील किंमत कशी ठरते, हा पहिला. आणि त्या किमतीवरून त्याच्या कार्याचे सामाजिक मूल्य ठरते काय, हा दुसरा. या दोहोंची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात असामान्य गुणवत्तेच्या व्यक्तींच्या उत्पन्नाचा विचार केला आहे. मानवी आवाज जोवर मर्यादित श्रोत्यांपर्यंतच पोहोचतो, तोवर गायकाच्या मिळकतीलाही मर्यादा राहणार, असे त्यांचे निरीक्षण होते. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ सुपरस्टार्स’ या लेखात हाच धागा पुढे नेला. तंत्रज्ञानामुळे एकच कलावंत वा खेळाडू एकाच वेळी कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचू शकतो. असे झाले की, गुणवत्तेतील किरकोळ फरकही उत्पन्नात प्रचंड तफावत निर्माण करतो. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकाच्या खेळाडूंच्या कौशल्यात जेवढे अंतर असते, त्याच्या कितीतरी पट अंतर त्यांच्या मिळकतीत पडते.

कबड्डीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा खेळ महाराष्ट्राच्या गावोगावी पिढ्यानपिढ्या खेळला जातो. तथापि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग दूरचित्रवाणीवर आल्यानंतरच खेळाडूंच्या मानधनाने लाखांचा आकडा गाठला. पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोली राकेश कुमार यांच्यासाठी १२.८० लाख रुपयांची होती; २०२३ मध्ये पवन सेहरावत यांना २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मिळाली. एवढ्या काळात चढाई करणाऱ्याचे श्रम वीस पटींनी वाढले नाहीत. वाढले ते प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न.

किंमत ठरण्याची प्रक्रिया :
आय.पी.एल.च्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत प्रक्षेपण हक्क हा आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ४१० सामने गृहीत धरल्यास एका सामन्याचे मोल सुमारे ११८ कोटी रुपये होते. या उत्पन्नाचा मोठा वाटा संघांना मिळतो. दुसरीकडे, लिलावातील खर्चावर नियमाने मर्यादा घातलेली असते. २०२५ च्या हंगामासाठी ही मर्यादा प्रत्येक संघास १२० कोटी रुपये होती.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. पंत यांना दिलेले २७ कोटी हा एकूण खर्चात पडलेला अतिरिक्त बोजा नव्हे. ती रक्कम त्यांना दिली गेली नसती, तर तिचा बहुतांश भाग त्याच मर्यादेत अन्य खेळाडूंकडे गेला असता. त्यामुळे ‘या पैशात किती शाळा उभ्या राहिल्या असत्या’ हा लोकप्रिय युक्तिवाद फारसा टिकत नाही. २००८ च्या पहिल्या लिलावात महेंद्रसिंह धोनी यांना १५ लाख डॉलर मिळाले, तेव्हा संघाची मर्यादा ५० लाख डॉलर होती. म्हणजे धोनी यांचा वाटा ३० टक्के होता. पंत यांचा वाटा २२.५ टक्के आहे. आकडा वाढला तो ताऱ्याचा वाटा वाढल्यामुळे नव्हे, तर एकूण निधी वाढल्यामुळे.

संघाच्या दृष्टीने मात्र बोली चुकू शकते. अनेकजण एकाच खेळाडूच्या मूल्याचा अंदाज बांधत असतील, तर लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वाधिक फुगलेला असतो. अर्थशास्त्रात यास ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. अर्थात एका हंगामाच्या आकड्यांवरून निवाडा करणेही घाईचे ठरते. कोलकात्याने २४.७५ कोटींना घेतलेले मिचेल स्टार्क २०२४ च्या हंगामाच्या पूर्वार्धात महागडे ठरत होते. पण पहिल्या पात्रता सामन्यात आणि अंतिम सामन्यात तेच सामनावीर ठरले व संघाने विजेतेपद पटकावले.

वाटपाचा प्रश्न :
खेळाडूंना फार मिळते, हा समज एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिला पाहिजे. सामना शुल्क व कामगिरीवर आधारित रक्कम धरून २०२५ साठी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा १४६ कोटी, म्हणजे दहा संघांची १,४६० कोटी रुपये होती. प्रक्षेपण हक्कांचे वार्षिक सरासरी उत्पन्न ९,६७८ कोटी रुपये आहे. खेळाडूंचा वाटा त्याच्या सुमारे १५ टक्केच भरतो. प्रायोजक व तिकीटविक्री जमेस धरल्यास तो आणखी घटतो. अमेरिकेतील एन.बी.ए. या बास्केटबॉल स्पर्धेत खेळाडू संघटनेशी झालेल्या सामूहिक करारानुसार संबंधित उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग खेळाडूंना मिळतो. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंपुरती मर्यादित आहे.

खरी विषमता खेळाडूंच्या अंतर्गत श्रेणींत आढळते. २०२१ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूस दिवसाला ६०,००० रुपये, तर नवोदितास ४०,००० रुपये ठरविण्यात आले. महिला प्रीमियर लीगच्या २०२३ मधील पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधना यांना सर्वाधिक, म्हणजे ३.४० कोटी रुपये मिळाले. संघाची मर्यादाच १२ कोटी होती, कारण पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले होते. येथे किंमत ठरली ती कौशल्याने नव्हे, तर बाजाराच्या आकाराने. याउलट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला व पुरुष खेळाडूंचे आंतरराष्ट्रीय सामना शुल्क समान केले : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख व टी-२० सामन्यास ३ लाख रुपये. वाटप हे केवळ बाजाराच्या हाती नसते, ते निर्णयानेही बदलते, हे यातून स्पष्ट होते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नामवंत खेळाडूंचे मानधन त्यांनी निर्माण केलेल्या उत्पन्नाच्या तुलनेत अवाजवी नाही. परंतु ते त्यांच्या श्रमाचे वा समाजोपयोगितेचे मोजमापही नाही. शिक्षक, परिचारिका यांच्या वेतनाशी त्याची तुलना करून संताप व्यक्त करता येतो. मात्र एका खेळाडूची रक्कम कमी केल्याने ती शाळेकडे वा रुग्णालयाकडे वळत नाही, ती संघमालकाकडे राहते. म्हणून ‘ताऱ्याला एवढे का?’ यापेक्षा ‘उरलेले कोणाकडे जाते?’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. या निधीतून रणजीपटूंना, महिला खेळाडूंना आणि जिल्हा पातळीवरील मैदानांना किती मिळावे, याचे उत्तर लिलावाचा हातोडा देणार नाही. ते धोरण ठरविणाऱ्यांनाच द्यावे लागेल.