खासगी बसचे भाडे किती असावे, हे कोण ठरवते?

गणपती आणि दिवाळी जवळ आली की खासगी बसचे तिकीट बघता बघता दुप्पट-तिप्पट होते. एसटीचे आरक्षण संपलेले असते आणि रेल्वेची प्रतीक्षा यादी लांबलेली असते. मिळेल त्या दरात प्रवास करण्यावाचून अनेकांपुढे पर्याय उरत नाही. पण खासगी बसचालकांना हवे तेवढे भाडे घेण्याची मुभा आहे का? महाराष्ट्रात तरी नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 67 नुसार प्रवासी वाहनांचे किमान आणि कमाल भाडे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ठरवलेले दर पाळणे ही कलम 84 नुसार परवान्याचीच अट असते. ती मोडल्यास कलम 86 खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

‘दीडपट’ मर्यादा कुठून आली?

खासगी बसच्या मनमानी भाड्याचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. त्यानंतर 27 एप्रिल 2018 रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला. एसटीच्या त्याच प्रकारच्या बसचे प्रति किलोमीटर जे भाडे असेल, त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे खासगी बसला घेता येत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या मार्गावर एसटीचे तिकीट 600 रुपये असेल, तर तशाच खासगी बसचे तिकीट जास्तीत जास्त 900 रुपये असू शकते. ही फक्त वरची मर्यादा आहे. त्यामुळे गर्दी नसताना हीच तिकिटे स्वस्तही मिळतात. मात्र एसटीची भाडेवाढ झाली की खासगी बसची कमाल मर्यादाही आपोआप वर सरकते. जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा हेच झाले.

मग लूट का थांबत नाही?

पहिली अडचण परवान्यातच आहे. बहुतेक खासगी बसना कंत्राटी वाहनाचा परवाना असतो. म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडासारखी संपूर्ण बस एका गटाने भाड्याने घ्यायची. टप्प्याटप्प्यावर प्रवासी चढवण्या-उतरवण्यासाठी एसटीसारखा वेगळा परवाना लागतो. प्रत्यक्षात मात्र कंत्राटी बसची तिकिटे आसनागणिक विकली जातात.

दुसरी अडचण तुलनेची. एसटीकडे नेमकी तशीच बस नसेल, तर दीडपट कशाची, असा वाद होतो. तिसरी अडचण म्हणजे, नाइलाजाने पैसे मोजलेला प्रवासी घरी पोहोचला की बहुधा तक्रार करत नाही.

प्रवाशाने काय करावे?

तिकीट काढताना त्याच मार्गावरील एसटीचे भाडे पाहून दीडपटीचा हिशेब करावा. भाडे जास्त असेल तर तिकीट किंवा पावती, बसचा क्रमांक आणि प्रवासाची तारीख जपून ठेवून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजेच आरटीओकडे, लेखी तक्रार करावी. पावतीशिवाय किती पैसे घेतले हे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून रोख पैसे दिले तरी पावती मागून घ्यावी.