दहा मोटारी आणि त्यांचे मोल

मोटारगाडी हा विषय व्याख्यानमालेत कशाला, असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल यांत अंतर का पडते, हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे. तो नीट उलगडावा म्हणून आम्ही एकाच मोटारीचे उदाहरण घेतो. ही मोटार इटलीतील फेरारी कारखान्याची. १९६७ व १९६८ या सालांत मिळून ती अवघी दहा नग तयार झाली.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मोटारीचे दोन भाग असतात : चाके, इंजिन व सांगाडा हा एक, आणि वरचे कवच, ज्याला आपण ‘बॉडी’ म्हणतो, तो दुसरा. आपल्या एस. टी.च्या दापोडी येथील कार्यशाळेत तयार सांगाड्यावर बसची बॉडी बांधीत, हे पुष्कळांना ठाऊक असेल. युरोपातही घोडागाड्या बांधणारे कारागीर पुढे मोटारींची कवचे बांधू लागले. फेरारीचे इंजिन व यंत्रभाग मारानेल्लोला होत, आणि कवच जवळच्या मोदेना शहरात सेर्जिओ स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात चढे. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून तो हातोड्याने ठोकीत आकाराला आणावयाचा, ही तेथली जुनी रीत.

या दहा मोटारी निघाल्या त्या लुइजी किनेत्ती या गृहस्थांच्या आग्रहामुळे. किनेत्ती हे ल मांची चोवीस तासांची शर्यत तीनदा जिंकलेले चालक. पुढे ते अमेरिकेत फेरारीचे विक्रेते झाले आणि ‘नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम’ हा शर्यतींचा संघ त्यांनी चालविला. उघड्या टपाची चपळ गाडी अमेरिकेत खपेल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून ‘२७५ जीटीबी/४’ या बंदिस्त गाडीचे छप्पर काढून पंचवीस गाड्या कराव्या, अशी मागणी त्यांनी केली.

या नावातील २७५ म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. असे बारा सिलिंडर, म्हणून इंजिन सुमारे ३.३ लिटरचे, शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती. नावाअखेरचा चार हा आकडा चार कॅमशाफ्टचा.

छप्पर काढणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. झाकण असलेला पत्र्याचा डबा हातात पिरगळत नाही. झाकण काढले की तोच डबा वाकू लागतो. मोटारीचेही तसेच आहे. या गाडीचा भार मुख्यतः खालच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर होता, म्हणूनच छप्पर काढूनही तिला बळकटी देता आली. पुढे सांगाडा व कवच एकजीव असलेल्या मोटारी सर्वत्र रूढ झाल्या, आणि कवच निराळे बांधणाऱ्यांचा धंदा ओसरला.

पहिली गाडी १९६७ साली अमेरिकेत सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरली. डेनिस मॅक्लुगेज व पिंकी रोलो या दोघी स्त्रियांनी ती चालविली आणि सतरावा क्रमांक मिळविला. १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटातही ती दिसली. तरीही गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही. किंमत होती सुमारे साडेचौदा हजार डॉलर. पंचविसांचा बेत दहांवर थांबला.

आता दुसरी बाजू पाहू. २०१३ साली कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे यांपैकी एका गाडीचा लिलाव झाला. १९६८ पासून ती एकाच कुटुंबाकडे होती. ती दोन कोटी पंचाहत्तर लाख डॉलरांना गेली, आणि ती रक्कम त्या कुटुंबाने धर्मादाय कामांस दिली. मधल्या काळात अमेरिकेतील महागाई साधारण सातपट झाली होती. गाडीची किंमत मात्र जवळजवळ एकोणीसशे पट!

ही वाढ कारागिरीची म्हणावी काय? पूर्णपणे नव्हे. त्याच हातांनी घडविलेल्या छपराच्या गाड्या याहून पुष्कळ कमी किमतीला जातात. येथे मुख्य भाव दुर्मिळतेचा आहे, आणि ती दुर्मिळता कोणी योजून आणलेली नव्हती. ती न खपल्यामुळे आली. या भावाचा एक वाईट परिणामही झाला. काही मालकांनी आपल्या चांगल्या बंदिस्त गाड्यांची छपरे कापून त्यांचे ‘स्पायडर’ बनविले. त्याने अकरावी खरी गाडी निर्माण झाली नाही. एक अस्सल गाडी मात्र कमी झाली. म्हणूनच अशा गाडीचा खरेपणा तपासताना जाणकार रंगाकडे पाहत नाहीत. सांगाड्यावरील क्रमांक पाहतात.

आमचे म्हणणे एवढेच की, किंमत ही घेणाऱ्यांच्या ओढीने वरखाली होते, पण घडणीतील गुण पहिल्या दिवशी होता तेवढाच राहतो. १९६७ साली गिऱ्हाईक नव्हते तेव्हाही या दहा गाड्या तितक्याच चांगल्या होत्या. आपल्या गावातील जुना वाडा, तांबटाने घडविलेले भांडे, विणकराने विणलेले लुगडे यांकडे पाहताना आपण लिलावाची वाट पाहत बसू नये, हा धडा या परदेशी मोटारीपासून घेण्यासारखा आहे.