बिनचेहऱ्याचा नट

नटाला काय हवे असते, हा प्रश्न आपल्या नाटकवेड्या महाराष्ट्रात कुणालाही विचारावा. उत्तर ठरलेले : रंगवलेला चेहरा, त्यावर पडणारा प्रकाश, आणि नाटक सुटल्यावर ‘अहो, हेच ते!’ म्हणून बोट दाखविणारी माणसे. आता असा एक नट कल्पावा, की ज्याची भूमिका जगभरच्या पोराथोरांनी पाहिली, घरोघरी तिच्या नकला झाल्या. पण त्या रूपात त्याचे स्वतःचे नखसुद्धा पडद्यावर आले नाही. हे गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे अँडी सर्किस. पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रमालिकेत अंगठीच्या लोभाने झिजून हाडांचा सापळा झालेला गॉलम त्यांनी उभा केला. २००५ साली ते किंग काँग नावाचा अजस्र गोरिला झाले. २०११ पासून ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या तीन चित्रपटांत सीझर हा वानरांचा पुढारी झाले. (‘किंग काँग’मध्ये ते जहाजावरचे आचारीही आहेत, आणि तेही आपल्या खऱ्या चेहऱ्याने. पण आचाऱ्याकडे लक्ष देतो कोण?)

या तंत्राला ‘परफॉर्मन्स कॅप्चर’ म्हणतात. मराठीत काय म्हणावे? ‘अभिनयग्रहण’ म्हटले तर सूर्यग्रहण आठवते, आणि ‘अभिनयटिपणी’ म्हटले तर वाण्याची वही. तेव्हा तूर्त इंग्रजी नावच चालू द्यावे. नट अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतो. त्यावर टिकल्यांसारखे चकाकणारे ठिपके लावलेले असतात. भोवतालच्या कॅमेऱ्यांना नटाच्या रूपाशी काही देणेघेणे नसते. कोपर कुठे गेले, गुडघा किती वाकला, एवढेच ते ठिपक्यांवरून टिपतात. त्या टिपणावर संगणक एक सांगाडा हलवतो, आणि मग चित्रकार मंडळी त्या सांगाड्यावर हवे ते कातडे, हवी ती लव चढवतात. ‘अवतार’ (२००९) या चित्रपटाच्या वेळी नटाच्या डोक्यावरच्या टोपीला, थेट तोंडासमोर, एक चिमुकला कॅमेरा बसवला. त्यामुळे ओठाची मुरड आणि भुवईची हालचालही सापडू लागली.

सर्किसना प्रथम बोलावले होते ते केवळ आवाजासाठी, आणि तेही काही आठवड्यांपुरते. घशात केसांचा गोळा अडकलेली त्यांची मांजर जशी खोकते, त्या आवाजावरून त्यांनी गॉलमचा आवाज बसवला. आणि तो दिवसभर टिकावा म्हणून मध, लिंबू आणि आले घातलेले पेय घेत. (आपल्याकडच्या गवयांना हा उपाय नवा नव्हे!) गंमत अशी, की तो आवाज काढायचा तर सर्किसना सबंध अंग आक्रसून घ्यावे लागे. ते पाहिल्यावर दिग्दर्शकाच्या ध्यानात आले, की याचा नुसता कंठ घेऊन भागायचे नाही. मग गॉलमचे आधी रेखाटलेले तोंडही बदलले आणि ते सर्किसच्या तोंडवळ्याच्या जवळ आणले गेले.

त्या गॉलमचा एक प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो विसरणे कठीण. सोबतचे दोघे झोपलेत, आणि हा एकटाच स्वतःशी भांडतो आहे. एक दुष्ट, एक बापुडा. शरीर मात्र एकच. आपला कीर्तनकार नाही का मान इकडे वळवून कृष्ण होतो आणि तिकडे वळवून अर्जुन? कपडे तेच, चिपळ्या त्याच, पण श्रोत्यांना दोघेही दिसतात. सर्किस नेमके तेच करतात.

वर्गात नाट्यशास्त्रातला चतुर्विध अभिनय शिकवताना मला हल्ली हे उदाहरण हटकून सुचते. आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. यातला आहार्य, म्हणजे वेषभूषा आणि रंगभूषा, तेवढा नटाच्या अंगावरून काढून यंत्राच्या हवाली केला. बाकीचे तीन त्याच्याकडेच राहिले. सर्किस म्हणतात तेही हेच : हा अभिनयच आहे, संगणक ही माझी रंगभूषा. पण सात्त्विकाचे काम फार नाजूक. २००४ साली ‘द पोलर एक्स्प्रेस’मध्ये टॉम हँक्ससारख्या कसलेल्या नटाने याच तंत्राने अनेक भूमिका केल्या, तरी त्या पात्रांचे डोळे निर्जीव वाटतात अशी टीका झाली. हातपाय मिळाले, प्राण मात्र वाटेत कुठे तरी सांडला.

तो प्राण येतो कुठून? काँगसाठी सर्किसनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणि थेट रवांडात जाऊन गोरिलांचा अभ्यास केला. त्याहून मोलाचे म्हणजे, चित्रण चालू असताना नायिका नेओमी वॉट्सला हवेत बघून रडावे लागू नये म्हणून ते तिच्यासमोर उभे राहत. ते चित्रण अंतिम पडद्यावर राहायचे नव्हते, तरीही! अभिनय एकट्याने होत नाही, तो समोरच्याच्या डोळ्यांतून परत येतो, हे जुन्या नाटकमंडळ्यांतल्या नटांना ठाऊक होते. यंत्रालाही अखेर ते मान्य करावे लागले. सीझरच्या वेळी ठिपक्यांचा हा सारा पसारा प्रत्यक्ष चित्रणस्थळीच आणला गेला.

आता वादाची गोष्ट. २०१४ साली सर्किसच्या या ‘संगणकी रंगभूषा’ शब्दांवर चलच्चित्रकार चिडले, आणि माझ्या मते ते उगाच चिडले नाहीत. गॉलमच्या काळी चेहऱ्यावरचे भाव यंत्राने आपोआप उचललेले नव्हते. सर्किसचा चेहरा पाहून ते कलावंतांनी हाताने, चौकटीमागून चौकट बसवले होते. पापणी किती थरथरावी हे ठरविणारा माणूस केवळ रंगारी कसा म्हणावा? पण उलट बाजूही पाहावी. ‘द एलिफंट मॅन’मध्ये (१९८०) रंगभूषेच्या जाड थराखाली पुरता गाडला गेलेल्या जॉन हर्टला ऑस्करचे नामांकन मिळाले. गॉलम आणि काँग यांच्या चित्रपटांना दृश्यपरिणामांची ऑस्करे मिळाली, अभिनयासाठी मात्र सर्किसचे नाव एकदाही यादीत आले नाही. अर्धवटराव बोलला की आपण रामदास पाध्यांना टाळी देतो. इथे टाळी बाहुलीच्या कारागिराला, आणि बोलणारा मात्र पडद्याआड!

काही असो, नटाला या तंत्राने एक मोठी मोकळीक दिली. आपल्या बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका केल्या. तिथे जे रंगाला झाकता येत नसे, ते प्रेक्षक प्रेमाने झाकून घेत. २०२२च्या दुसऱ्या ‘अवतार’मध्ये सिगर्नी वीव्हर या ज्येष्ठ अभिनेत्रीने चौदा वर्षांची मुलगी केली, आणि प्रेक्षकांना काही झाकावे लागले नाही. आपल्याकडे २०१४ साली ‘कोचडैयान’ या तमिळ चित्रपटात रजनीकांत याच मार्गाने पडद्यावर आले.

पण एकदा टिपलेली चाल, टिपलेले हसू कुणाच्या मालकीचे? नटाच्या की कंपनीच्या? उद्या त्याला न विचारता तेच हसू दुसऱ्या चित्रपटात वापरले तर? २०२३ साली अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर गेले, त्यामागच्या प्रमुख कारणांत हेही एक होते. त्यात मोठमोठ्या नावांबरोबर गर्दीत उभे राहणारे, एका दिवसाच्या रोजावरचे नटही होते. आणि तडजोड झाली तेव्हा, नटाची संगणकी प्रतिकृती करायची तर त्याची संमती घ्यायची आणि मोबदला द्यायचा, हे करारात लिहून घेतले गेले.