दहा सेकंदांचा एसपी-१२००

एसपी-१२०० हा कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू सिस्टिम्स कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला ड्रम मशीनवजा सॅम्पलर. सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचा आवाजाचा तुकडा उचलून नव्या रचनेत वापरणे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३च्या सुमारास डीजे कूल हर्क दोन टर्नटेबलांवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तिच्यातला नुसत्या ड्रमचा भाग लांबवत असे. ते हातकाम पुढे अशा यंत्रांकडे गेले.

यंत्राची मेमरी फार तोकडी होती. सगळे मिळून जेमतेम दहा सेकंद, आणि कोणताही एक तुकडा अडीच सेकंदांच्या पुढे नाही. त्यावर संगीतनिर्मात्यांनी नामी तोड काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी ४५च्या वेगाने वाजवायची, तो घाईतला आवाज टिपायचा आणि मग यंत्रावरची पट्टी सरकवून सूर मूळ जागी उतरवायचा. जागा वाचे, पण १२ बिटांचा आवाज असा खाली ओढला की त्यात खरखर येई. अभियंत्याच्या लेखी हा दोषच. पीट रॉकसारख्या निर्मात्यांनी मात्र नव्वदीच्या आरंभीचा न्यूयॉर्कचा हिपहॉप याच खरखरीवर उभा केला. पब्लिक एनिमी या हिपहॉप गटाच्या बॉम्ब स्क्वॉड या निर्मातासंचाने तर तुकड्यांवर तुकडे रचून मुद्दाम गोंगाट घडवला.

तुकडे उचलण्याची ही मोकळीक आटली ती कोर्टामुळे. गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. निकालपत्राची सुरुवातच चोरी न करण्याच्या बायबलमधल्या आज्ञेने होते. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी गाण्याच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या अशा दोन्ही मालकांची परवानगी घेणे आले, आणि डझनभर तुकड्यांचे थर परवडेनासे झाले. निर्माता डॉक्टर ड्रेने १९९२च्या 'द क्रॉनिक' या अल्बमसाठी अनेक जुन्या चाली वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्या. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या परवान्याची गरज पडत नसे. संगीत संथ, स्वच्छ, मोजक्या सुरांचे झाले. कायद्याने राखला तो हक्कधारकाचा वाटा, वादकाचा नव्हे: जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'मधला ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डचा ठेका असंख्य गाण्यांत वाजला, पण गाणे त्याच्या नावावर नसल्याने त्याला रॉयल्टी मिळाली नाही.

एसपी-१२००चे उत्पादन १९९८मध्ये थांबले. मूळ रचनाकार डेव्ह रॉसम यांनी २०२१ साली आपल्या नव्या कंपनीतर्फे ते यंत्र पुन्हा जाहीर केले. मेमरी वाढवली, बिट १२च ठेवले.